शोध, मेल्या, शोध

आषाढात दिवे गेले की पालीत आधी पाऊस ऐकू येतो. म्हणजे तो पडतच असतो, सकाळपासून, कालपासून, कदाचित गेल्या आठवड्यापासून. पण दिवे असतात तोवर पंख्याची घरघर, टीव्हीतली बडबड, फ्रीजचं मधूनच हुंकारणं या सगळ्याच्या मागे तो एखाद्या भिडस्त पाहुण्यासारखा ओटीवर थांबून राहतो. दिवे गेले की आत येतो. मग त्याचे पदर एकेक करून सुटे होतात. पत्र्यावरचा निराळा, केळीच्या पानावरचा निराळा, पागोळीखाली राहून गेलेल्या घमेल्यातला तर अगदीच निराळा. परवा रात्री असे दिवे गेले आणि या सगळ्या आवाजांच्या खाली, पार जमिनीलगत, कित्येक वर्षांत न ऐकलेला एक आवाज मला ऐकू आला.

सूं-सूं-सूं-सूं. बारीक, लगबगीचा. मग क्षणभर काहीच नाही. मग एक लांब, ओलसर फुंकर. चुलीपुढे बसून कुणी फुंकणी उलटी धरावी आणि फुंकण्याऐवजी जाळच आत ओढून घ्यावा, तसा.

ठमी आतल्या खोलीत काहीतरी हुंगत होती.

टॉर्च हाताशी होती. मी ती लावली नाही. त्या आवाजाला उजेड सोसत नाही. उजेडात कुत्रं दिसतं, त्याची शेपटी दिसते, त्याचा खुळेपणा दिसतो आणि आपण हसतो. अंधारात मात्र नुसतं हुंगणं उरतं, आणि ते ऐकताना वाटतं की हे घर आपल्याला जेवढं माहीत आहे त्याहून कितीतरी मोठं असावं. त्यात अशा वाटा असाव्यात, अशी वळणं आणि अशा जुन्या बातम्या असाव्यात, की इथं जन्म काढूनही आपण त्यांच्या बाजूनं नुसतेच चालत गेलो.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो 1989 च्या पावसाळ्यात. मी तेव्हा दहा वर्षांची.

तेव्हा या जागी कौलारू घर होतं, आणि त्या घरात कुत्र्याची हद्द ठरलेली होती. अंगण त्याचं, पडवी त्याची, अगदी झड लागलीच तर ओटीची पायरी त्याची. ओटीपासून माणसांचं राज्य सुरू व्हायचं आणि माजघराच्या उंबऱ्यापासून आजीचं. आजी सोवळ्याची. तिच्या राज्यात आम्हा नातवंडांनासुद्धा परवान्याशिवाय प्रवेश नसे. मग खंड्याची काय कथा. खंड्या आमच्याकडे आला तो देवळातून. बल्लाळेश्वराच्या आवारात भक्तांच्या हातून सांडणाऱ्या पेढ्यांवर आणि मोदकांच्या कळ्यांवर तो वाढला, आणि एका संध्याकाळी अण्णांच्या मागे मागे जो निघाला तो थेट आमच्या पडवीत येऊन बसला. तपकिरी अंग, गळ्याखाली पांढराशुभ्र डाग, म्हणून अण्णांनी त्याला पाणवठ्यावरच्या त्या पाखराचं नाव दिलं. साम्य तेवढंच. पाखरू पाण्यात सूर मारतं; आमचा खंड्या पागोळीचा थेंब नाकावर पडला तरी जगानं आपला अपमान केल्यासारखा बघायचा.

त्या जूनच्या अखेरीला कुणाच्याशा कुंपणाच्या तारेत त्याचा पुढचा पाय अडकला आणि सोडवताना मोडला. गुरांच्या डॉक्टरांनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि सांगितलं, दीड महिना. दीड महिना हलू द्यायचं नाही, बांधलेलं ओलं होऊ द्यायचं नाही, बाहेर तर नाहीच नाही. पडवीत तर वाऱ्याबरोबर पाणी थेट भिंतीपर्यंत यायचं. अण्णा त्याला पोत्यात गुंडाळून ओटीवर उभे होते. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी फक्त आजीकडे पाहिलं.

आजी बराच वेळ खंड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माजघरात घ्या. पण चुलीकडे आला, तर दुसरा पाय मी मोडीन.”

तीन दिवस तो झोपून राहिला. चौथ्या दिवशी त्यानं गोधडीचा काठ खाल्ला, मग एका चपलेचा अंगठा, मग पाटाचा एक कोपरा इतक्या नेटानं कुरतडला की सुतारालासुद्धा तशी गोलाई जमली नसती. पाचव्या दिवशी संध्याकाळी देवळातली आरतीची घंटा वाजली. ती घंटा ज्यांनी ऐकली असेल त्यांना सांगायला नको. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या स्वारीतून आलेली ही पोर्तुगिजांची घंटा. तिचा आवाज पितळेचा कमी आणि समुद्राचा जास्त, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. तर ती वाजली आणि खंड्यानं मान वर करून असा काही हंबरडा फोडला की शेजारच्या काकू छत्री घेऊन विचारायला आल्या. पाय दुखत असेल, म्हणाल्या. उन्हेऱ्याच्या कुंडात नेऊन शेकवा, तिथल्या पाण्यानं माणसांचे सांधे मोकळे होतात तर याचा का नाही होणार?

“दुखण्यानं नाही रडत तो,” आजी म्हणाली. “कंटाळ्यानं रडतोय.”

“तुम्हाला काय कळलं?”

आजीनं उत्तर दिलं नाही. वातीसाठी घेतलेला कापूस तिनं नुसताच पिंजत ठेवला. आजोबा गेले तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. त्यानंतर देऊळ, विहीर, आणि वर्षाकाठी चार दिवस माहेर, एवढंच तिचं बाहेर. सरसगडाच्या अगदी पायथ्याशी घर, पण ती गडावर एकदाही चढली नव्हती. माजघराच्या खिडकीतून तिला त्याचे सुळके दिसायचे, आणि पावसाळ्यात तेही ढगांत जायचे. हे सारं मला आज दिसतं. तेव्हा दिसला तो फक्त कापूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, तिनं मला तीन करवंट्या आणायला सांगितल्या. नारळाच्या, घासून गुळगुळीत केलेल्या, डोळ्याकडच्या. मग फडताळापुढे उभी राहून ती थोडी घुटमळली आणि तिनं चक्क सोड्यांची बरणी काढली. आमच्याकडे मासे चालायचे. आजीला मात्र आजोबा गेल्यापासून चालत नसत. सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी. एका पायलीची कोळंबी वाळून ओंजळभर उरते, त्यामुळे त्या बरणीचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल. जावई आला, तर सोड्याची खिचडी. एरवी आम्ही त्या बरणीकडे नुसतं बघायचं. इतकी वर्षं न शिवलेल्या त्या बरणीत आजीनं दोन बोटं घातली, एक सोडा काढला, नखानं त्याचे चार तुकडे केले आणि एक तुकडा मधल्या करवंटीखाली ठेवला. आम्ही दोघं भावंडं श्वास रोखून बघत होतो. धाकटा तर बोललाच, “माणसांना मिळत नाहीत आणि कुत्र्याला?”

“त्याचं नाक शाबूत आहे का ते बघायला नको? पडला तेव्हा आपटलं असेल.”

हा आजीचा खुलासा. तो तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. ती कुत्र्याशी खेळत नव्हती. त्याचं नाक तपासत होती.

खंड्या तीन पायांवर लंगडत आला. आणि तेव्हा तो आवाज झाला. बाहेर आषाढ कोसळत होता, माजघरात भरदुपारी दिवेलागणीसारखा काळोख होता, आणि त्या काळोखात सूं-सूं-सूं-सूं. पहिल्या करवंटीभोवती. मग दुसऱ्या. मग फुंकर. पुढे मोठेपणी कुठंसं वाचलं की कुत्रं हुंगायला लागलं की सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत घेतं, आणि बाहेर सोडलेला श्वास नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांतून बाजूला जातो, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. वाचलं आणि वाटलं, बरोबर, म्हणून ती फुंकर समोरून नाही, कुशीवरून ऐकू यायची. त्यानं मधली करवंटी नाकानं उलटी केली. तुकडा गेला. मग त्यानं आजीकडे पाहिलं. त्या पाहण्यात आभार वगैरे काही नव्हते, नुसतं ‘पुन्हा’ होतं.

“शोध, मेल्या, शोध,” आजी म्हणाली, आणि करवंट्या फिरवल्या.

मग तो नेमच झाला. दुपार झाली की माजघर खंड्याचं. आजीनं एकेक नवं काढलं, आणि गंमत अशी की त्यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागला नाही. जुन्या लुगड्याचा वारभर तुकडा अंथरायचा, त्यात भाकरीचे बारीक तुकडे पेरायचे, तो आडवातिडवा गुंडाळायचा आणि वर एक ढिली गाठ मारायची. हे ‘गाठोडं’. ते उलगडायला खंड्याला अर्धा तास लागायचा, आणि एका पायाची सुट्टी असल्यामुळे सगळी कामगिरी नाकावर आणि पुढच्या दातांवर. ते लुगडं नंतर तोंडातल्या लाळेनं, भाकरीच्या पिठानं आणि कुत्र्याच्या अंगच्या वासानं असं काही होऊन जायचं की आई चिमट्यात धरून ते मोरीत नेई. कधी तुकडा सुपाखाली, कधी रांजणामागे, कधी जात्याच्या खुंट्याच्या आडोशाला. रोजच्या वापरातल्या, डोळ्यांना दिसेनाशा झालेल्या त्या जागा आम्हाला पुन्हा नव्यानं दिसायला लागल्या. शाळेतून येताना मी मनात जागा हुडकत यायची. उतरंडीच्या मागे? नको, गाडगं पडेल. कोनाड्यात? पोचणार नाही. दहा वर्षं ज्या घरात वाढले ते घर मी त्या पावसाळ्यात एका कुत्र्याच्या उंचीवरून पाहिलं.

आणि ‘थांब’. हा सगळ्यांत अवघड. उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा ठेवायचा, खंड्याला त्याच्यासमोर बसवायचं, ‘थांब’ म्हणायचं, आणि आजी मारुतिस्तोत्र म्हणायला घ्यायची. स्तोत्र संपेपर्यंत तोंड लावायचं नाही. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात लाळेचा एक थेंब जमायचा, लांबायचा, लोंबायचा, आणि आम्ही दोघं स्तोत्र सोडून त्या थेंबाकडे बघत राहायचो. एकदा धाकट्यानं विचारलं, अथर्वशीर्ष का नाही म्हणत, गणपतीचं गाव आहे ना आपलं?

“अथर्वशीर्षाला कुत्रं टिकत नाही रे. मारुतीला टिकतं.”

नामदेवांची गोष्ट अर्थात तेव्हाच सांगून झाली. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि हे तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी कशी खाशील देवा म्हणत. त्यावर धाकट्यानं सोड्याला तूप लावायचा प्रस्ताव मांडला आणि तो आजीनं विचार करून फेटाळला.

जुलैत अंबेला पूर आला.

दरवर्षीच येतो तो. नदी फुगते, पुलावर पाणी चढतं, एसटी अलीकडेच थांबते, दोन दिवस पेपर येत नाही, आणि मग चिखलाचा एक थर ठेवून पाणी उतरतं. पण त्या साली वरच्या अंगाला जांभुळपाड्यात नदीनं रात्रीतून घरं नेली, गुरं नेली, माणसं नेली. आम्हाला मुलांना कुणी काही सांगत नव्हतं. ओटीवर माणसं येत, हलक्या आवाजात बोलत, आणि आम्ही दाराशी गेलो की गप्प होत. अण्णा आणखी काही जणांबरोबर तिकडे गेले. परत आले ते दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी कधीतरी. ओटीच्या कडेला बसले. मांड्यांपर्यंत चिखल वाळलेला. आईनं पाणी आणलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

कुणी काही विचारत नव्हतं. आणि मग आतून तीन पायांचा आवाज आला. खंड्या माजघराचा उंबरा ओलांडून, ओटीवरून, अण्णांपाशी आला आणि त्यानं हुंगायला सुरुवात केली. पण हे रोजचं लगबगीचं नव्हतं. हे फार सावकाश होतं. तळपाय. पोटऱ्या. गुडघे. तांब्या धरलेली बोटं, एकेक. मधेच एखाद्या जागी तो थांबायचा आणि बराच वेळ तिथंच, जणू तिथलं अक्षर लागत नव्हतं. आम्हा कुणालाच अण्णांना जे विचारता आलं नव्हतं ते तो विचारत होता, आणि त्याला उत्तर मिळत होतं. अण्णा हलले नाहीत. पुष्कळ वेळानं त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि त्याच्या मानेवर हात ठेवला.

त्या दिवशी करवंट्या निघणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण रात्री, सगळं आवरल्यावर, आजीनं मला हाक मारली. “त्याचं राहिलंय,” ती म्हणाली. आम्ही न हसता खेळलो. खंड्यालाही ते कळलं असावं. तुकडा सापडल्यावर त्यानं शेपटी हलवली नाही, नुसता खाल्ला, आणि करवंटी नाकानं पुन्हा पहिल्या जागी सारून ठेवली. की ती आपोआपच घरंगळली होती? इतक्या वर्षांनी हे शपथेवर सांगता येणार नाही.

त्यानंतर आठवड्याभरात दिव्यांची अवस आली. घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं, कंदिलाची काच, जुनी चिमणीसुद्धा, आजीनं चिंचेनं आणि राखेनं घासून, पुसून पाटावर मांडली होती. भोवती रांगोळी, बाजूला कणकेचे गोड दिवे उकडायला ठेवलेले. आता लावायचे, एवढ्यात वीज गेली. आई काड्यापेटी शोधायला आत गेली. घरभर इतके दिवे आणि एकही पेटलेला नाही, आणि पाऊस असा की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये.

त्या अंधारात खंड्या हुंगायला लागला. वेळ त्याची होती. सूं-सूं-सूं, रांजणापाशी. नाही. सुपापाशी. नाही. जात्यापाशी, उतरंडीपाशी, पाटाच्या कडेनं, समयांच्या अगदी जवळून. मी दिवे पडण्याची वाट बघत होते. मग आवाज फिरला आणि आजी बसली होती तिकडे गेला. आणि तिथंच थांबला. फुंकर. पुन्हा सूं-सूं. पुन्हा फुंकर, आता अगदी जवळ कशावर तरी दाबून.

आणि आजी हसली.

मी आजीला हसताना पाहिलं होतं, पदर तोंडाला लावून, नाकातून, खांदे हलवत. हे ते हसणं नव्हतं. हे गुदगुल्या झाल्यावर येणारं, मोठ्यांदा, तुटक, स्वतःलाच अनोळखी असलेलं हसणं होतं. एखाद्या मुलीचं. मी अंधारात दचकले. मला क्षणभर वाटलं घरात दुसरंच कुणीतरी आलंय. “अरे गुलामा, अरे थांब, अरे…” आणि पुन्हा तेच हसणं.

आईनं काडी ओढली तेव्हा दिसलं. आजीची मूठ पुढे, तुकडा मुठीत, आणि खंड्या ती मूठ नाकानं, जिभेनं, सगळ्या अंगानं उघडायचा प्रयत्न करतोय. आई काडी धरून उभीच राहिली. काडी तिच्या बोटापर्यंत जळत आली. आजीनं मूठ उघडली, हात लुगड्याला पुसला आणि म्हणाली, “काही नाही. नाक बघत होते.”

मग ती अंघोळीला गेली. रात्रीची. त्या पावसाळ्यात आजीच्या अंघोळी फार वाढल्या, आणि सर्दी मात्र तिला एकदाही झाली नाही.

श्रावणात कामट्या सुटल्या. खंड्या उन्हात गेला, चार पायांवर थोडा वेळ गोंधळला, आणि मग तळ्याच्या बाजूला जो पळाला तो दिसेनासा झाला. संध्याकाळी आला तो पडवीत बसला. उंबरा त्यानं आपणहून पुन्हा ओलांडला नाही. ती हद्द त्याला आमच्यापेक्षा चांगली समजत होती. करवंट्या काही दिवस रांजणाच्या झाकणावर होत्या, मग एकीचं ओगराळं झालं. आजीनं त्या खेळांचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मात्र पुढे कितीतरी वर्षं, दिवे गेले की ती क्षणभर बोलायची थांबायची. ते माझ्या एकटीच्या लक्षात आलं असावं.

पुढे 1993 च्या मार्चनंतर पेपरात झंजीरचे फोटो येऊ लागले. मुंबई पोलिसांचा लॅब्रॅडॉर. शेखाडी आणि दिघी, आमच्याच जिल्ह्याचे किनारे, तिथं रात्री उतरवलेलं आरडीएक्स मुंबईत फुटलं होतं, आणि जे फुटायचं राहिलं होतं ते हा कुत्रा नाकानं शोधून काढत होता. तीन हजार किलोंहून अधिक, असं नंतर छापून आलं. 2000 साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामानं निरोप दिला. अशा कुत्र्यांना शिकवतात ते लपवाछपवीनंच. वास सापडला की चेंडू. त्यांच्या लेखी तो शेवटपर्यंत चेंडूचाच खेळ असतो. बॉम्ब फक्त आपल्या लेखी. मी आजीला तो फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “नाक चांगलं आहे.” यापलीकडे कौतुकाचा शब्द तिच्याकडे नव्हता.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. कौलं गेली, स्लॅब आला, माजघराला आता कुणी माजघर म्हणत नाही, आणि उंबरा तर नव्या घराला नाहीच. फरशी बाहेरून आत सरळ जाते. ठमीला त्यामुळे कुठली हद्द माहीत नाही. ती पलंगावर झोपते. पण पावसाचं तिचं तेच. गडगडलं की पलंगाखाली, आणि चार दिवस झड लागली की घरात येरझारा, नखांची टकटक, आणि माझ्या प्रत्येक हालचालीवर अशी नजर की जणू तिची सुट्टी मीच रद्द केली. भाच्यानं फोनवर दाखवलं: कुत्र्यांसाठी कोड्यांची खेळणी मिळतात, झालरी लावलेल्या गाद्या मिळतात, त्यात खाऊ लपवायचा आणि कुत्र्यानं हुंगून काढायचा. किंमत ऐकून मी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेतला, प्रत्येक खळग्यात बिस्किटाचा चुरा, वर वर्तमानपत्राच्या कागदाचे बोळे. ठमीनं पहिल्या दिवशी ट्रेच खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून बोळे एकेक करून उचलायला लागली, उचलून बाजूला ठेवायला लागली, अगदी ओळीनं. तासाभरात दमून झोपते. घराला दोन फेऱ्या मारून जी दमत नाही, ती नाकानं दमते.

त्याच भाच्यानं मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. 2019 साली शार्लोट ड्युरांतों आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या दोघींनी काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वास शोधायचा खेळ दिला आणि बाकीच्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव. मग एक भांडं ठेवलं. एका बाजूला ठेवलं की त्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूला ठेवलं की नसतो, हे कुत्र्यांना शिकवलेलं. आणि आता ते ठेवलं मधोमध. असेल की नसेल? हुंगायचा खेळ खेळलेली कुत्री त्या मधल्या भांड्याकडे आधीपेक्षा लवकर जायला लागली होती. असेल, असं धरून.

मी ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ती मधली करवंटी आली. कापूस पिंजणारी आजी आली. दीड महिना रोज दुपारी तिनं त्या करवंट्या फिरवल्या. पाचव्या दिवशी मान वर करून रडणारा खंड्या पुढं घंटा वाजली की नुसता कान टवकारायचा. हे मी त्याच्याबद्दल सांगते आहे. तिच्याबद्दल काय सांगणार. ती नुसतं नाक तपासत होती.

तर परवा दिवे गेले आणि ठमी हुंगायला लागली. सूं-सूं-सूं. कपाटापाशी. नाही. जिथं पूर्वी रांजण असायचा आणि आता पाण्याचा फिल्टर आहे, तिथं बराच वेळ. नाही. मी खुर्चीत तशीच बसून होते. आवाज भिंतीच्या कडेकडेनं येत गेला, पलंगाला वळसा घालून, टेबलाखालून, आणि माझ्या पायांशी आला. थंड, ओलं नाक घोट्याला लागलं. आणि का कोण जाणे, मी हात पुढं केला आणि मूठ मिटली.

मुठीत काहीच नव्हतं.

तिनं हुंगलं. करंगळीकडून, अंगठ्याकडून, मनगटाकडून. फुंकर. पुन्हा हुंगलं, आता सावकाश. काही नाही हे तिला पहिल्याच श्वासाला कळलं असणार. बिस्किटाचा डबा घरात कुठे आहे हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक असतं. पण ती हलली नाही. नाक मुठीवर टेकवून तशीच उभी राहिली, आणि तिच्या श्वासानं माझी बोटं ओली होत गेली. बाहेर घमेलं भरून वाहायला लागलं होतं.

“थांब,” मी म्हटलं.

ती बसली. आणि मी उठले. टॉर्च खुर्चीवरच राहिली. एक हात भिंतीवर, एक पुढे, मी डबा शोधायला निघाले. फडताळाच्या जागी कपाट लागलं, कपाटाच्या जागी दार, एक वाटी खाली पडली आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिली. मागे ठमी जागची हलत नव्हती. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, एका लयीत, आणि कुठंतरी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब लांबत असणार. मी चाचपडत पुढं सरकले आणि आठवेल तेवढं मारुतिस्तोत्र म्हणायला लागले.